चार चाकांचें बळ आणि चालकाचें कसब

वाशीम जिल्ह्यांतील मालेगांवच्या परिसरांत मोटार डांबरी सडक सोडून पांदणीला लागली, कीं पावसाळ्यांत यंत्र आणि चालक या दोघांचीही परीक्षा सुरू होते. गाडींत आजारी माणूस असेल, तर ती जिवावर बेतते. बेसाल्ट खडकापासून झालेली तेथील काळी माती पाणी पिऊन फुगते व टायरच्या खांचा बुजवून टाकते. मग नवें टायरही गुळगुळीत होतें.

महिंद्रांनीं १९४७ सालीं मुंबईंत जुळवावयास घेतलेल्या विलिस जीपपासून आजपर्यंत यंत्राचें बळ पुष्कळ वाढलें. परंतु चारही चाकांना ओढ मिळाली, म्हणून चिखलाची पकड कांहीं वाढत नाहीं. अधीर चालक ॲक्सिलरेटर दाबतो, चाकें जागींच फिरून खड्डा खणतात आणि गाडीचें पोट चिखलावर टेकतें. साधी मोटार वाटेच्या तोंडाशींच अडते, हें एक प्रकारें तिचें भाग्यच. जीप मात्र पांदणीच्या मध्यावर जाऊन रुतते आणि बैलजोडी बोलवावी लागते!

जाणता चालक आधीं खालीं उतरतो, काठी रोवून चिखलाची खोली पाहतो, टायरांतील हवा थोडी कमी करतो आणि खालच्या गियरमध्यें, एकसारख्या मंद गतीनें, मध्येंच न थांबतां पलीकडे जातो. काठी फारच खोल गेली, तर तो मुकाट्यानें माघारी वळतो व लांबची वाट धरतो. सडकेवर आल्यावर टायरांत पुन्हां हवा भरण्यास तो विसरत नाहीं.