खालची कवळी का हलते?

मंडळी, तोंडाचे बोळके झाले की माणूस भाकरी दुधात कुस्करून खातो आणि म्हणतो, "आता वय झाले." कवळी केली तरी खालची कवळी खिशातच! वरची टाळूला चिकटते. खालची कशाला चिकटणार? मध्ये जीभ वळवळते. शिवाय दात गेले की जबड्याचे हाड झिजत जाते, खालचे तर फारच. मग कवळी सैल होते, हिरडी सोलते.

यावर उपाय आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक होते. १९५२ च्या सुमारास त्यांनी सशाच्या हाडात टायटॅनियम धातूची नळी बसवली. हाडाने ती अशी धरली की काही केल्या निघेना! १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात याच धातूची मळसूत्रे बसवली.

आता जागा बधिर करून खालच्या जबड्यात पुढे दोन मळसूत्रे बसवतात. हाड ती धरेपर्यंत साधारण तीन महिने थांबायचे. मग कवळी त्यांवर टिचबटणासारखी बसते, काढताही येते. खर्च साध्या कवळीहून पुष्कळ जास्त, हे आधीच सांगतो. पण भाकरी चावता येते हो!

विडी ओढत असाल, मधुमेह असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. अशांच्या हाडात मळसूत्र कधीकधी धरत नाही. रात्री कवळी काढून, धुऊन पाण्यात ठेवा. मळसूत्रांभोवती रोज मऊ ब्रश फिरवा. तिथे घाण साचली की हिरडी सुजते, आणि धरलेले हाडही हळूहळू सुटते.