ही किल्ली कशाची?



घरोघरी एक खण असतो. टीव्हीखालच्या कपाटाचा सगळ्यात वरचा, नाहीतर स्वयंपाकघरात ओट्याशेजारचा. त्याला नाव नसते. "त्या खणात बघ" म्हटले की घरातल्या प्रत्येकाला कळते. तो ओढला की निम्म्यावर अडतो, कारण आत टेस्टर आडवा झालेला असतो. फटीतून बोटे घालून टेस्टर दाबावा, तेव्हा कुठे खण उघडतो. मग दिसतो रबरबँडांचा गुंता, अर्धी जळलेली मेणबत्ती, नळाचे दोनचार वायसर, फ्यूज वायरचे भेंडोळे, रिमोटच्या पाठीचे झाकण, इवल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले शर्टाचे जादा बटण, मुदत संपलेला लोकलचा पास, वाळून दगड झालेली फेविक्विकची नळी आणि दोन पेन्सिल सेल, नवे की संपलेले ते कळायला मार्ग नाही. तळाशी असतात किल्ल्या. चार, सहा, कधी दहा. यातली प्रत्येक किल्ली एके दिवशी कुलपाबरोबरच घरात आली, आणि त्या दिवशी ती कशाची हे सगळ्यांना ठाऊक होते. आज कुणालाच ठाऊक नाही. तरीही तिला टाकायला हात धजत नाही. माझे आजचे सगळे म्हणणे या एका किल्लीभोवती आहे. खणात अडगळ होते ती वस्तू फार झाल्यामुळे, असे आपण समजतो. मला वाटते, वस्तूंची ओळख पुसली गेल्यामुळे अडगळ होते. म्हणून खण आवरायचा म्हणजे आधी टाकायला बसायचे नाही, आधी ओळख पटवायला बसायचे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर समाजाचे मोठे प्रश्न मांडायची आपली रीत आहे. तिथे खणाचा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपण राहतो त्या वसई-विरारमध्येच आहे. इथल्या महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर होती, आणि तिच्यातला मोठा भाग एका-दोन खोल्यांत राहतो. जिथे जागा अशी हातावर मोजून मिळते आणि सकाळची गाडी मिनिटांवर ठरते, तिथे हातभर खण चालतो की नाही हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

जागेमुळे वस्तूला ओळख कशी मिळते, याचा उत्तम पुरावा आपल्या नालासोपाऱ्यातच निघाला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाचा कोट म्हणतात तो ढिगारा खणला. तो स्तूप निघाला. पोटात दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडी, त्याच्या आत स्फटिकाचा, स्फटिकाच्या आत सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे थोडेसे तुकडे. हेच तुकडे ढिगाऱ्याबाहेर शेतात पडलेले असते तर त्यांना कुणी खापर म्हटले असते आणि नांगराने बाजूला सारले असते. पाच करंडकांच्या आत सापडल्यामुळे पंडितजींना समजले की ठेवणाऱ्यांच्या लेखी हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष आहेत. त्या ठेव्यातच सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले, म्हणून काळाचा अंदाज बांधता आला. तेच नाणे एखाद्या जुन्या बाजारात हाती आले असते तर त्याने स्तूपाविषयी अवाक्षरही सांगितले नसते. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. उत्खनन करणारे लोक वस्तू उचलण्याआधी ती कुठे, कशाशेजारी होती हे टिपून घेतात, ते यासाठीच. जागा हलली की निम्मी माहिती जाते. आपल्या खणात हेच रोज, थोडेथोडे, कुणाच्या लक्षात न येता घडत असते.

याच्या उलट घडलेलेही आपल्या घरातच आहे, त्याच खणापासून दोन हातांवर. मिसळणाचा डबा पाहा. गोल डबा, आत सात वाट्या, प्रत्येकीत एकच जिन्नस. तेल तापले की हात न बघता मोहरीवर जातो, मग जिऱ्यावर, मग हळदीवर. घाईत कुणी हिंगाच्या जागी तिखट उचलत नाही. डब्यात वस्तू कमी असतात म्हणून तो चालतो, असे म्हणाल तर ते पुरते खरे नाही. त्याच सात वाट्यांतले जिन्नस एका पिशवीत ओतले तर पाच मिनिटांत त्यांचा काही उपयोग उरणार नाही. वाटी ही नुसती जागा नसते, ती नावासारखे काम करते. जुन्या वाडीतल्या घरांतही असेच होते. कोयता खुंटीला, दिवा देवळीत, दही शिंक्यात, बाकीचे फडताळात. खुंटीला दोन वस्तू नीट राहत नाहीत आणि टांगलेली वस्तू डोळ्यासमोर असते. फ्लॅट आला, त्याच्याबरोबर तयार कपाटे आली, त्या कपाटांना खोल, बंद, आत एकही आडवी पट्टी नसलेले खण आले. लोक आळशी झाले असे मला अजिबात वाटत नाही. वस्तूला तिचे नाव सांगणारी खुंटी गेली, आणि तिच्या जागी काहीही पोटात घेणारी पेटी आली.

आता पहिला आक्षेप. वस्तू कुठे आहे ते घरात कुणाला तरी माहीत असतेच, मग एवढा खटाटोप कशाला? खरे आहे, माहीत असते. बहुतेक घरांत ते एकाच माणसाला माहीत असते, आणि ती घरातली बाई असते. "आई, सेल कुठे आहेत?", "अगं, टॉर्च कुठे ठेवलास?" हे प्रश्न ती पोळ्या लाटताना झेलते, लोकलमधून उतरून दमून घरी आल्यावर झेलते, माहेरी गेली तर फोनवर झेलते. घराची सगळी अनुक्रमणिका तिच्या डोक्यात ठेवून आपण खण मोकाट सोडला आहे. हे काम कुणी मोजत नाही, म्हणून ते काम वाटत नाही. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक इमारतीत असूनही हरवलेलेच असते, म्हणून ग्रंथालय कुणा एका ग्रंथपालाच्या स्मरणशक्तीवर चालवत नाहीत, पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक लिहितात. घरालाही हा न्याय लागू केला पाहिजे. सहा वर्षांच्या मुलालाही वाचून सापडेल अशी चिठ्ठी खणात असली, की आईचे डोके तेवढे मोकळे होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतका विचार करण्यापेक्षा सरळ टाकून का देऊ नये? जपानी लेखिका मारी कोंदो यांचे पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आले आणि मनाला आनंद देईल तेवढेच ठेवा ही त्यांची कसोटी जगभर पोचली. कपड्यांना ती चांगली लागू पडते. फ्यूज वायरने मात्र कुणाचे मन उचंबळत नाही. ती दोन वर्षांतून एकदा, अंधारात लागते, आणि तेव्हा तिच्यावाचून चालत नाही. वायसर ठेवणारा माणूस गळणारा नळ स्वतः दुरुस्त करतो. "असू दे, लागेल कधीतरी" म्हणणाऱ्या पिढीने कमी मिळकतीत घरे नीट चालवली, त्या वृत्तीची मी बाजूच घेतो. पण तिची एक अट आहे. वस्तू लागेल तेव्हा सापडली पाहिजे. न सापडलेला वायसर घरात असतानाच आपण कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवे आणतो आणि उरलेले दोन पुन्हा त्याच खणात टाकतो. ही काटकसर नव्हे. खरी काटकसर साधायची तर नाव लिहावेच लागेल.

ठेवून ठेवून काही वस्तू घातकही होतात, हे फेकाफेकीच्या विरोधकांनी ध्यानात घ्यावे. आपली हवा खाडीची आणि मिठागरांची. पावसाळ्यात बंद खणात खिळे गंजतात आणि विसरलेल्या सेलातून द्राव पाझरून शेजारच्या वस्तू खातो. खेळण्यांत, घड्याळांत असतात त्या गोल बटणासारख्या सेलांचा धोका याहून मोठा आहे. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशा वेळी क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचे. तो सेल उघड्या खणात राहता कामा नये, यावर वादाला जागाच नाही. संपलेले सेल, मुदत गेलेली औषधे, वापरलेल्या सुया यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा म्हटले होते. तो ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यायचा असतो.

तिसरा आक्षेप असा, की घरात एक तरी जागा बेशिस्त असू द्यावी. ही मागणी मला रास्त वाटते. घाईत हातातली वस्तू टाकायला जागा हवीच. ती एका वाडग्याएवढी असावी. वाडगा भरला की आपोआप लक्षात येते; खण भरल्याचे मात्र तो अडकेपर्यंत कळत नाही. बाकी खणाला विकतच्या कप्प्यांची गरज नाही. मिठाईचे रिकामे खोके, काडेपेट्या, मोबाइलच्या पेटीचे झाकण पुरते. एका खोक्यात विजेचे, एकात नळाचे, एकात शिवणाचे. प्रत्येकावर पेनाने नाव. सेल नवे आणि जुने कधीही एकत्र नकोत. किल्लीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा आणि त्यावर कुलूप लिहायचे: माळ्याची पेटी, सायकल, गावचे घर. घरातल्या सगळ्या कुलपांना लावून पाहिल्यावरही जी किल्ली कुठेच बसत नाही, तिच्यावर आजची तारीख घालावी. वर्षभरात तिचे कुलूप भेटले नाही, तर भंगारवाल्याला द्यायला हात अडखळणार नाही, कारण आता आपण अंदाजाने टाकत नाही.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा गाड्या थांबल्या आणि अनेक वस्त्यांत वीज बंद ठेवावी लागली. अशा रात्री जो तो अंधारात पहिल्यांदा हात घालतो तो याच खणात, टॉर्चसाठी. तशी रात्र येण्याआधीच तयारी हवी. येत्या रविवारी खण जमिनीवर उपडा करा, सगळ्या घराला भोवती बसवा, आणि एकेक वस्तू उचलून विचारा, ही कशाची? टॉर्च आणि काडेपेटी सगळ्यात पुढे ठेवा, आणि टॉर्च घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडून एकदा डोळे मिटून काढून घ्या.