रसायन घातक आहे का? संगणकाचा अंदाज

9 जानेवारी 2014. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ, कोळसा धुण्यासाठी वापरलं जाणारं रसायन टाकीतून गळून एल्क नदीत मिसळलं. नळाच्या पाण्याला ज्येष्ठमधासारखा वास येऊ लागला. सुमारे 3 लाख लोकांना ते पाणी वापरू नका, असं सांगावं लागलं. हे रसायन माणसाला किती घातक, याची माहिती मात्र फारच तुटपुंजी होती.

अशा वेळी संगणकीय प्रारूपं उपयोगी पडतात. आधी तपासलेल्या रसायनांची रचना आणि त्यांचे परिणाम संगणकाला पुरवले जातात. त्यावरून तो नव्या रेणूचा अंदाज बांधतो. बेंझिनच्या कड्याला नायट्रो गट जोडलेला दिसला, की डीएनएला इजा होण्याची शक्यता तो नोंदवतो. एल्क नदीतल्या रसायनांचीही पुढे अशी छाननी झाली. जोडीला प्रयोगशाळेत प्राण्यांवर चाचण्याही झाल्या.

ही जोड आवश्यकच आहे, कारण अगदी अनोळखी रचनेच्या रेणूबाबत अंदाज चुकू शकतो. पण कोणतं रसायन आधी तपासायचं, हे अशा अंदाजामुळे लवकर ठरतं आणि प्राण्यांवरचे प्रयोगही कमी होतात. म्हणूनच ही छाननी रसायन टाकीत भरण्याआधी व्हायला हवी, गळती झाल्यावर नव्हे.