मातोश्रींची देवघेव
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्या कै. मातोश्रींविषयी दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती आम्ही चारही भावंडांनी शिरसावंद्य मानली आहे. आईची थोरवी घरोघरी असतेच. ती वेगळी सांगावयास नको. परंतु ज्या वयात आपल्या समाजातील स्त्रिया नातवंडांचे पाळणे हलवू लागतात, त्या वयात मातोश्रींनी ग्रंथपालाची विद्या संपादन केली आणि ती लोट्यासारख्या गावी उपयोगास आणली. ही हकिकत ज्ञातीतील कुटुंबांपर्यंत पोचावी, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

मातोश्रींचा जन्म १९३८ सालचा, खेड तालुक्यातला. व्हर्नाक्युलर फायनल झाली आणि पाटीदप्तर माळ्यावर गेले. विवाहानंतर त्या लोट्यास आल्या. वडील मुंबईस गिरणीत. घर चालावयाचे ते मनीऑर्डरीवर. भातशेती, दोन म्हशी, अंथरुणास खिळलेल्या सासूबाई आणि आम्ही चौघे, असा त्यांचा संसार. तरीही पुडीला आलेला छापील कागद वाचून झाल्याखेरीज चुलीत जात नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि काही महिन्यांनी वडील ट्रंक घेऊन घरी आले ते कायमचेच. पुढे थोरले बंधू लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागले व घराची घडी पुन्हा बसली. तेव्हा मातोश्रींनी सतरा नंबरचा अर्ज भरून शालान्त परीक्षेस बसण्याचे ठरविले. १९८५ साली त्या व आमची धाकटी बहीण एकाच वेळी परीक्षेस बसल्या. गणितात मातोश्रींना सात गुण अधिक पडले, हे बहीण आजही अभिमानाने सांगते.

त्यानंतर ग्रंथालय प्रमाणपत्र वर्गाचा प्रश्न आला. शुल्कासाठी त्यांनी एका संस्थेकडे साहाय्य मागितले; परंतु विद्यार्थ्याचे वय पंचविसाच्या आत हवे, असे उत्तर आले. मातोश्रींनी त्या वर्षीच्या काजूच्या बिया विकल्या आणि शुल्क भरले. १९८७ साली प्रमाणपत्र हाती पडले, आणि वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्या गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल झाल्या.

आपल्या जिल्ह्यास वाचनालय नवे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. परशुराम घाट उतरल्यावर लागणाऱ्या चिपळुणातील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचा उगम १८६४ सालचा. खेड्यांतील लहान वाचनालयांना सरकारी अनुदानाचा कायदेशीर आधार दिला तो १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने. आमच्या गावचे वाचनालय ‘ड’ वर्गातले. अनुदान बेताचे, आणि ग्रंथपालाचे मानधन त्याहून बेताचे.

मातोश्रींनी प्रथम दाखलनोंदवही नव्याने लिहिली आणि दशांश पद्धतीने ग्रंथ लावले. मराठी साहित्य ८९१.४६ वर आणि पाकशास्त्र ६४१.५ वर, हे त्यांना तोंडपाठ असे. ‘डबे जागच्या जागी असले की अंधारातही हळद सापडते,’ असे त्या म्हणत. चार महिन्यांच्या पावसात कसर आणि वाळवी हे ग्रंथांचे वैरी. उघडीप पडताच पुस्तके ओटीवर हवेशीर मांडली जात व कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरला जाई.

परंतु त्यांचे खरे कार्य कपाटाबाहेरचे. सभासदांच्या यादीत स्त्रियांची नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बायकांना वाचनाची गोडी नाही, असे समितीचे मत. मातोश्रींनी सभेत विचारले, ‘वाचनालय उघडते संध्याकाळी पाचला. ती चुलीची वेळ. मग बायकांनी यावे केव्हा?’ पुढील महिन्यापासून वाचनालय दुपारी दोन तास उघडू लागले. दर गुरुवारी त्या पिशवीत पुस्तके भरून वाड्यांवर आणि कामगारांच्या खोल्यांकडे जात. लावणीच्या दिवसांत विलंबाचा दंड घ्यावयाचा नाही, असा ठरावही त्यांनीच संमत करून घेतला.

एका वाडीवरील भगिनीने बालसंगोपनाचे पुस्तक चार महिने परत केले नाही. मातोश्री घरी गेल्या, तो ती बाई मुंबईस असलेल्या सुनेसाठी ते पुस्तक वहीत उतरवून काढीत होती! मातोश्रींनी नोंदवहीत मुदत वाढवून दिली आणि समितीस सांगितले, ‘पुस्तक हरवलेले नाही, कामावर आहे.’ ग्रंथ उपयोगासाठी असतात, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. मातोश्रींनी ते वर्गात पाठ केले होते. त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला.

२००१ साली त्या निवृत्त झाल्या, तरी गुरुवारची पिशवी पाय चालेपर्यंत सुटली नाही. २२ जुलै २०२१ रोजी महापुराने चिपळूण बुडाले व टिळक वाचन मंदिरातही पाणी शिरले, तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी प्रथम माणसांची खुशाली विचारली, मग ग्रंथांची. ‘ओली पाने ओढून सुटी करू नका म्हणावे, सावलीत वारा लागू द्या,’ हा निरोप त्यांनी आमच्याकरवी चिपळुणातील नातलगांस धाडला. २०२३ साली त्या निवर्तल्या.

बंधुभगिनींनो, आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीच्या नियमांतही वयोमर्यादेचे कलम आहे. मातोश्रींपाशी काजूची झाडे होती, म्हणून त्यांचे अडले नाही. ज्या भगिनीपाशी ती नाहीत, तिने काय करावे? हे कलम काढून टाकावे, अशी आमची नम्र सूचना आहे. आणि पन्नाशीनंतर शिकू इच्छिणाऱ्या पहिल्या भगिनीचे शुल्क आम्ही भावंडे आनंदाने भरू. तिने अर्ज करावा, आणि मंडळाने तिचे वय न विचारता तो स्वीकारावा.