न्हाणीघराची कडी



आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली माणसं महिनाभरानं आमच्या मानसोपचार विभागात पुन्हा दाखवायला येतात. डॉक्टर झोप, भूक, गोळ्या यांचं विचारतात. मी समाजसेविका. मी विचारते, घरी कसं चाललंय? एक बाई म्हणाल्या, "ताई, सगळे चांगले वागतात. फक्त न्हाणीघराची कडी काढून टाकलीय. आत गेले की दर दोन मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं. मी 'ओ' देत देत अंघोळ करते."

आता ही कडी काळजीच्या रकान्यात लिहायची की बट्ट्याच्या? खरं सांगायचं तर, कडी काढा असं कधी कधी आम्हीच सांगतो.

आत्महत्येला लागणारा बट्टा मोजायचे प्रयत्न झालेत. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ५८ विशेषणं, छोट्या आवृत्तीत १६. आत्महत्या करणारी माणसं भ्याड असतात, बेजबाबदार असतात, एकाकी असतात, शूर असतात. प्रत्येकाला आपण किती सहमत ते सांगायचं. पट्टी कामाची आहे. 'भ्याड'सोबत 'शूर'ही विचारलंय, हे मला विशेष आवडलं, कारण उदात्तीकरणही तितकंच घातक. पण ही पट्टी बघ्यांना लावायची, आणि तीही गेलेल्यांबद्दल. जो वाचला आणि त्याच घरात परत आला, त्याला कोण विचारणार?

मुंबईत त्याला विचारलं गेलं. केईएम रुग्णालयात डॉ. शुभांगी पारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाखतीची ही पद्धत मुंबईत आधी कुष्ठरुग्णांसाठीही वापरली होती. बट्ट्याचे प्रश्न साधे असतात. लोकांना कळू नये असं वाटतं का? लग्न जमायला अडचण येईल का? उत्तरं चार: हो, कदाचित, सांगता येत नाही, नाही.

अडचण अशी की बट्टाच मोजणाऱ्याच्या आड येतो. केसपेपरवर नातेवाईक 'चुकून झालं' असं लिहायला सांगतात. पोलीस जबाब घ्यायला येणार म्हटल्यावर तर सांगतातच. भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली हा प्रयत्न गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैद. मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, तेव्हापासून असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालतात. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ ला आलेल्या भारतीय न्यायसंहितेत तर ते कलम राहिलंच नाही. बातमीत मात्र 'प्रयत्न फसला' अजून छापून येतं. माणूस वाचला, आणि आपण म्हणतो फसला!

हे ऐकताना कुणाच्या मनात तसे विचार येत असतील, तर टेली-मानस या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. कडी बसवलीय म्हणाल्या, सासऱ्यांनी स्वतः. हाका मात्र चालू आहेत. आणि नणंदेला बघायला पाहुणे आले, तेव्हा यांना दोन दिवस माहेरी पाठवलं होतं. मी कागद पुढे घेतला. घरचे वेगळं वागवतात असं वाटतं का?

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"कदाचित लिहा, ताई."