विमानाची पहिली फासळी

घरी विमान बांधणं ही अमेरिकेत जुनी हौस आहे. मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल यांनी 1929 साली फोर्ड मोटारीचं 'मॉडेल ए' इंजिन बसवून आपलं लाकडी विमान 'एअर कँपर' उडवलं. त्याचे आराखडे 1932 साली छापून आले आणि त्यांवरून लोक आजही विमानं बांधतात. आराखडे हाती आले, की प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहतो: आधी हात कशाला घालायचा?

मोह पडतो तो धडाचा. धड उभं राहिलं की त्यात बसता येतं, शेजाऱ्यांना दाखवता येतं. पण मग ते वर्षानुवर्षं सगळी जागा अडवतं. इंजिन आधी घेणं त्याहून वाईट. पैसा अडकतो आणि नुसतं पडून राहिलेलं इंजिन आतून गंजू लागतं.

सुरुवात पंखाच्या फासळ्यांपासून करावी. एअर कँपरची फासळी सुमारे 5 फूट लांब, पाव इंच बाय अर्धा इंच स्प्रूस लाकडाच्या पट्ट्यांची. एका फळीवर तिचा आकार अचूक आखायचा, रेषेलगत लाकडी ठोकळे ठोकून साचा करायचा. त्यात पट्ट्या वाकवून बसवायच्या, सांध्यांवर पातळ प्लायवूडचे तुकडे चिकटवायचे आणि रात्रभर सुकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुढची. अशा तीसेक फासळ्या लागतात. काम टेबलावर मावतं, आणि एखादी बिघडली तर थोडंसंच लाकूड वाया जातं. एक फासळी जास्तीची करून मुद्दाम मोडून पाहावी. लाकूड फाटलं आणि गोंदाची रेघ शाबूत राहिली, तर सांधा चांगला जमला. रेघेवरच सुटलं, तर पुढे जाऊ नये.

अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी' विमानाच्या आराखड्यांतही आधी छोट्या तुकड्यावर हात पारखण्याचा हाच विचार आहे. विमानाच्या कोणत्याही भागाला हात लावण्याआधी काचतंतू आणि इपॉक्सीचा एक सपाट तुकडा सरावासाठी करायचा, ठरल्या मापाला कापायचा आणि वजन करायचं. वजन जास्त भरलं, म्हणजे इपॉक्सी जास्त झालं. 'झेनिथ' या धातूच्या विमानांचे निर्माते मिसुरीतल्या आपल्या कारखान्यात नवशिक्यांकडून पहिल्यांदा शेपटीचं सुकाणू बांधून घेतात. पत्रा, भोकं, रिव्हेट, सगळं त्या एका भागात येतं.

जागेचा हिशेब मात्र पहिल्याच दिवशी करावा लागतो. मुंबईत वैमानिक अमोल यादव यांनी स्वतःच्या आराखड्याचं सहा आसनी विमान चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं. 2016 साली 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी ते क्रेननं खाली उतरवावं लागलं. चाचणी उड्डाणाची परवानगी त्यांना 2019 साली मिळाली. एअर कँपरचा अखंड पंख सुमारे 29 फुटांचा. तो दारातून बाहेर कसा निघणार, हे लाकूड आणण्याआधी ठरलेलं बरं.

ज्यांच्या कपाटात असे आराखडे पडून आहेत, त्यांनी ते शेवटच्या पानापर्यंत वाचावेत, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) नियम समजून घ्यावेत आणि येत्या रविवारी फळीवर पहिली फासळी आखायला घ्यावी.