कामगाराचे मूल आणि राज्यशास्त्राचा तास



मुलाने कॉलेजात इतिहास व राज्यशास्त्र घेतले, की बाप युनियनच्या कचेरीत येऊन विचारतो, "दादा, यावर पोट भरेल का?" आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पाळी संपल्यावर पुस्तके वाचून जे कळले, तेवढीच आमची विद्या. तरी आमचे उत्तर ठरलेले आहे: शिकू द्या.

आज रविवार, म्हणून ही सभा भरली. पण हा रविवार आभाळातून पडलेला नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत मनाई केली. त्यावरच्या मुलांनी मात्र नऊ तास राबावे! मोठ्यांच्या तासांविषयी तर अवाक्षर नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीला हजारो कामगार जमले, स्त्रियाही बोलल्या, आणि १० जूनला मालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. हा झाला इतिहास. संघ स्थापण्याचा हक्क पुढे घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आला, ते राज्यशास्त्र. दोन्ही तास जोडून पाहणारे मूल आम्हांला हवे. गाइड पाठ करणाऱ्याला ते साधत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. संपाच्या नोटिशीचे बंधन पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरते होते, ते आता सर्व उद्योगांना आले. आमच्या एका सभासदाच्या मुलीने, ती बी. ए. ला आहे, जुना व नवा कायदा शेजारी ठेवून हा फरक एका पानात सोप्या मराठीत लिहिला. ते पान सध्या आमच्या फळ्यावर लावलेले आहे.